निळा झगा आणि एक साधा पांढरा

त्या मॅडम पहिल्यांदा आमच्या क्वार्टरवर आल्या तेव्हा मी एका कुर्त्याच्या बाहीला टीप मारत होते. पुढच्या व्हरांड्यात माझी मशीन आहे. सेक्टर सहामधल्या कितीतरी बायकांचे ब्लाउज आणि पोरांचे युनिफॉर्म तिथेच शिवले गेलेत, त्यामुळे अनोळखी बाई दारात येणं मला नवीन नव्हतं. पण या बाईंनी चप्पल काढली, स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून कापड काढण्याऐवजी वही काढली. साठी उलटलेली, केस आखूड, कपाळ रिकामं.

"तुम्ही मराठी ना?" त्यांनी विचारलं. "म्हणूनच आले. मला जे हवंय ते हिंदीतून समजावणं जमत नाही मला."

त्यांचं मराठी शाळेच्या पुस्तकातलं होतं, नगर बाजूचं. आमचं तसं नाही. माझे सासरे भंडाऱ्याकडून रेल्वेत लागून इकडे भिलाईला आले, नवरा पुढे स्टील प्लांटमध्ये लागला. घरात आम्ही नागपुरी बोलतो, दाराबाहेर हिंदी, आणि आमच्या मुली तर वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात. इथली मराठी घरं आम्हाला बहुतेक ठाऊक. या बाई लग्न होऊन भिलाईत आल्या, इथल्याच एका शाळेत शिकवून रिटायर झाल्या म्हणे, आणि आमच्यात कोणीच कधी त्यांचा विषय काढला नव्हता? पहिली शंका मला तिथंच आली.

त्यांनी वही उघडून पुढे धरली. पानावर पेन्सिलीनं काढलेला एक दाढीवाला माणूस होता. डोक्यावर मंदील, कपाळावर सोन्याची पट्टी, अंगात एकावर एक तीन कपडे, छातीवर चौकोनी काहीतरी, आणि झग्याच्या घेराला लोंबणारे गोळे आणि घुंगरू.

"हा महायाजक," त्या म्हणाल्या. "येशूच्या जन्माच्या शेकडो वर्षं आधीचा. यहुदी लोकांचा सगळ्यांत मोठा पुजारी. देवाच्या मंडपात जाताना तो हे कपडे घालायचा. इथून जवळच कुरुदला आमच्या चर्चचा हॉल आहे, तिथे प्रदर्शन भरवायचंय."

येशू हा शब्द कानावर पडला आणि माझा पाय मशीनवरून खाली आला. हल्ली आमच्याकडे हा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात. कोणाच्या घरी प्रार्थनेला किती जण जमले, कोण कोणाला काय समजावून गेलं, या गोष्टी पानठेल्यावर चवीनं बोलल्या जातात आणि चुलीपर्यंत येतात. मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या शांत बसल्या होत्या. मजुरी सांगितली तर घासाघीसही केली नाही. ते मला आणखीच खटकलं.

तरी मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर चित्रातल्या त्या कपड्यांनी मला धरलं. आयुष्यभर तेच ते गळे, त्याच बाह्या. असं काही पुन्हा हाताखाली येणार नव्हतं.

संध्याकाळी नवरा शिफ्टवरून आला. मी सांगितलं तसा तो जेवता जेवता थांबला.

"कोनाचे कपडे म्हणतेस?"

"पुजाऱ्याचे. जुन्या काळच्या."

"आमच्या आज्यानं एकदा धर्म बदलला, समजून-उमजून बदलला. आता कोनी चहा पिऊन मले बदलवाले नको. आन् पुजाऱ्याचे कपडे? ज्यायच्या पायी आपल्या लोकायले देवळाच्या बाहेर उभं राहा लागलं, त्यायचे कपडे आपल्याच घरी शिवाचे?"

"थो पुजारी मरून किती काळ झाला. आन् आपल्या इकडचा नव्हता."

"पुजारी सगळीकडचे एकच," तो म्हणाला आणि ताट सरकवून उठला. काम सोड असं मात्र म्हणाला नाही.

चार दिवसांनी मॅडम कापडं घेऊन आल्या. निळं, जांभळं, किरमिजी, पांढरं सुती, शिवाय जरीची लेस. एकेक कापड मांडीवर उलगडून त्या त्याचा अर्थ सांगू लागल्या. निळा म्हणजे आकाश, प्रभू तिथून आला. जांभळा राजाचा, कारण प्रभू राजांचा राजा. किरमिजी त्यानं सांडलेल्या रक्ताचा. पांढरा निष्पापपणाचा. आणि सोनं म्हणजे त्याचं देवपण. मी टाचण्या ओठांत धरून ऐकत होते, म्हणून बोलायची सोय नव्हती. पण दर वेळी त्या 'प्रभू' म्हणाल्या की मी त्यांच्या डोळ्यांत बघायची. बाई कापड समजावतेय की जाळं टाकतेय? निळा तर आमच्याही झेंड्याचा रंग. हे त्यांना माहीत असणारच. मग सुरुवात निळ्यापासूनच कशी केली?

झग्याच्या गळ्याशी आलो तेव्हा त्यांनी वहीत बघून वाचलं. डोकं जाईल एवढं भोक मध्यभागी ठेवायचं आणि त्याच्या कडेनं विणलेला गोट लावायचा, म्हणजे गळा फाटणार नाही.

मी टाचण्या काढल्या. "हे कोनी सांगितलं?"

"ग्रंथातच आहे."

"गळा फाटू नये म्हणून गोट लावा, असं देवाच्या ग्रंथात आहे?"

"हो. अगदी असंच."

डोक्यातून घालायच्या झग्याला सगळ्यात आधी गळ्यापाशी चीर पडते. हे शिवणाऱ्याशिवाय कोणाला कळत नाही. ज्यानं ते लिहिलं त्यानं कधीतरी हातात सुई धरली असणार, किंवा सुई धरणाऱ्याच्या शेजारी बसला असणार. त्या माणसावर माझा विश्वास बसला. मॅडमवर अजून नव्हता.

मग छातीवरचा ऊरपट आला. एक वीत लांब, एक वीत रुंद, कापड दुहेरी घडीचं. कापड ताठ राहावं म्हणून मी आत बकरम घालून तीन बाजू शिवल्या तर झकास खिसा तयार झाला. मॅडम खूश झाल्या. त्या खिशात दोन वस्तू असत, त्यांच्यावरून देवाचा कौल घेत, पण त्या वस्तू कशा होत्या ते आता कोणालाच ठाऊक नाही, असं त्यांनी सांगितलं. वर बारा खडे, तीन-तीनच्या चार ओळी. यहुद्यांची बारा कुळं, प्रत्येक खड्यावर एकाचं नाव. शिवाय दोन्ही खांद्यांवर एकेक मोठा खडा, त्यावर सहा-सहा नावं.

"प्रभू आपल्याला खांद्यावर उचलतो आणि हृदयापाशी ठेवतो, असा त्याचा अर्थ."

"हे बी ग्रंथात लिवलं आहे?"

मॅडमनी चष्मा काढला. पदरानं पुसत बसल्या. "नावं आठवणीसाठी न्यायची, एवढं लिहिलंय. प्रभूचं आम्ही जोडलं. प्रभू तेव्हा जन्मलेलाच नव्हता."

"आन् निळा म्हणजे आकाश?"

"तेही लिहिलेलं नाही."

"मग काय लिवलं आहे?"

"कापड, रंग, माप," त्या म्हणाल्या आणि स्वतःशीच हसल्या. "ज्यांचा हा ग्रंथ मुळात आहे ते यहुदी लोक आमचे अर्थ मान्यही करणार नाहीत."

इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर माझा संशय कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. विश्वास बसावा म्हणून माणूस आधी थोडं खरं बोलतो, हे मी गिऱ्हाइकांकडूनच शिकले आहे.

चित्रात घेराला लोंबणारे गोळे म्हणजे डाळिंबं; ती मी कापसाची केली, निळ्या-जांभळ्या-किरमिजी दोऱ्यानं वरून गुंडाळून. घुंगरू पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून आणले. एक डाळिंब, एक घुंगरू, असं सगळ्या घेराला लावायचं होतं. फक्त झग्याची उंची राहिली होती, ती नंतर सांगते असं मॅडम सुरुवातीपासून म्हणत होत्या. मग एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "उंची तुमच्याएवढी ठेवा. आणि अजून एक शिवायचाय. साधा पांढरा. रंग नको, जर नको, काहीच नको. तोही तुमच्याच मापाचा."

"माझ्या मापाचा कावून?"

"उंची सारखीच आहे म्हणून."

"कोनाची?"

"ते तिथे आल्यावर बघा," त्या हसून म्हणाल्या.

ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. त्या गेल्यावर मी पांढरं कापड हातात घेऊन बसले होते. शेजारच्या क्वार्टरमधल्या भाभी कढीपत्ता न्यायला आल्या होत्या. त्यांनी कापड पाहिलं, आतला निळा झगा पाहिला, आणि जवळ वाकून हळूच म्हणाल्या, "भाभी, संभल के. वो लोग सफेद पहना के पानी में डुबाते हैं न?"

भाभी बाप्तिस्म्याचं बोलत होत्या, धर्मात घेताना करतात तो. साधा पांढरा, माझ्या मापाचा, आणि तिथे आल्यावर बघा. सगळं जुळत होतं. म्हणजे इतके दिवस ही बाई माझ्यासमोर कापडं पसरून, गोड बोलून, माझंच माप घेत होती?

दोन दिवसांनी दुपारी फाटकात दोन माणसं उभी राहिली. एक मागच्या गल्लीतला, तोंडओळखीचा. दुसरा कधी न पाहिलेला.

"दीदी, सुना है यहाँ चर्च का कुछ सिल रहा है?" ओळखीच्यानं विचारलं.

"नाटक के कपड़े हैं," मी म्हटलं. "स्कूल के."

"कौन से स्कूल के?"

मी तोंडाला आलं ते नाव सांगितलं. दुसरा माणूस काही न विचारता व्हरांड्यात आला. झगा मशीनवरच होता. त्यानं घेराला लावलेला एक घुंगरू बोटानं वाजवला. "डांस है क्या?"

"हाँ. डांस भी है."

ते गेले. मी दार लावलं आणि झगा, ऊरपट, पांढरं कापड, सगळं गोळा करून दिवाणात ब्लँकेटांच्या खाली कोंबलं. मला त्या दोघांचा राग आला होता, मॅडमचा आला होता, आणि त्या दोघांना कोणी सांगितलं असेल ते आठवून भाभींचाही. कोणावर विश्वास ठेवावा असं एकही माणूस त्या दुपारी मला दिसेना.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा वाटलं, आता हा भडकणार. तो म्हणाला, "परत दे. पन अर्धं नको देऊ. हातात घेतलं तर पुरं कर आन् देऊन टाक. आपल्या कामाले नाव ठेवाची जागा नको."

दोन्ही झगे मी दार लावून पुरे केले. पांढऱ्याला टीप घालताना प्रत्येक टाक्याला वाटत होतं, हे मी माझ्याच अंगावर चढवून घेतेय. मग मॅडमना फोन केला. त्यांचा आवाज कोरडा होता. "मी कोणाला तरी पाठवते घ्यायला," म्हणाल्या.

"नाही. मीच आनते."

मॅडमचा माणूस माझ्या फाटकात दिसला असता तर पुन्हा चौकशा सुरू झाल्या असत्या. दिवसाढवळ्या जायचं, दारातून गाठोडं द्यायचं आणि निघायचं, असं ठरवून स्कूटी काढली.

कुरुदकडे धानाच्या शेतांच्या बांध्या होत्या तिथं आता प्लॉट पडलेत. खांब रोवलेले, अर्धी घरं बांधलेली, रस्ता कुठे आहे तर कुठे नाही. हॉल पत्र्याचा होता, दार उघडं. मी आत डोकावले आणि थांबले. समोर माझ्या उंचीचं कोणीतरी उभं होतं.

दुकानातला पुतळा होता तो. बाईचा पुतळा, साड्या नेसवून काचेत ठेवतात तसला. नाकाचा टवका उडालेला, डोक्यावर केस नाहीत, आणि हनुवटीला कापसाची भलीमोठी दाढी चिकटवलेली. खांदा बरोबर माझ्या खांद्याला लागत होता. शेजारी तसाच दुसरा, त्याला दाढी लावायची राहिली होती.

मॅडम मागच्या खोलीतून आल्या. "पुरुषाचे पुतळे मिळालेच नाहीत," त्या ओशाळून म्हणाल्या. "सिविक सेंटरच्या एका साडीवाल्यानं हे जुने दिले."

"हे आधी कावून नाही सांगितलं?" माझा आवाज चढला.

"तुम्ही हसाल म्हणून."

"मी हसन? मले वाटलं मलेच पांढरं घालून पान्यात बुडवता!"

मॅडम खुर्चीवर बसल्या. मला वाटलं त्या हसतील. त्यांचे डोळे भरून आले. "आणि मला वाटलं, त्या दोघांना तुम्हीच इकडे पाठवलं," त्या म्हणाल्या. "परवा इथे आले होते. काय चाललंय, कोण कोण येतं, सगळं विचारून गेले. तुमच्या गल्लीचं नाव घेतलं त्यांनी. म्हणून मी फोनवर तशी बोलले."

"मी तर त्यायले नाटकाचे कपडे म्हनून सांगितलं."

"खोटं बोललात? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही," मी म्हटलं. "माझ्यासाठी. मले भेव वाटलं."

त्यांनी मान हलवली. मग सांगितलं की माझ्याआधी तीन शिंप्यांनी काम नाकारलं होतं. पौर्णिमेला आमच्या दोरीवर विहारात नेसायच्या पांढऱ्या साड्या वाळताना त्यांनी रस्त्यावरून जाताना पाहिल्या होत्या. "वाटलं, ही माणसं एकदा सगळं सोडून बाहेर पडलेली आहेत. यांना भीती कमी असेल."

मी गाठोडं सोडलं आणि आम्ही दोघींनी मिळून पुतळ्यांना कपडे चढवले. निळा झगा चढवताना घुंगरू वाजले तशा मॅडम दाराकडे बघून आल्या, बाहेर कोणी आहे का. कोणी नव्हतं. पांढऱ्याचं कारणही त्यांनी तेव्हाच सांगितलं. वर्षातून एक दिवस, लोकांच्या पापांची क्षमा मागायला अगदी आतल्या गाभाऱ्यात जायचं तेव्हा महायाजक सोनं, खडे, घुंगरू सगळं उतरवून ठेवायचा आणि साध्या पांढऱ्या कपड्यांत जायचा. "येशूनंही आपलं वैभव उतरवून ठेवलं, असं आम्ही त्यात वाचतो," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "आम्ही वाचतो."

प्रदर्शनाला जायचं मी ठरवलं नव्हतं. नवरा म्हणाला, "चाल, पाहून येऊ. तू शिवलं आहे, चोरावानी कावून राहाचं?" रविवार होता, तरी गर्दी फारशी नव्हती. त्यांच्या चर्चची पंधरा-वीस माणसं, गावातल्या काही बायका. फाटकाबाहेर मोटरसायकल लावून दोन पोरगे सगळा वेळ मोबाइलवर काहीतरी टिपत होते. नवऱ्यानं त्यांच्याकडे एकदा सावकाश पाहून घेतलं आणि मग आत आला.

दोन्ही पुतळ्यांखाली मॅडमनी पुठ्ठे लावले होते. प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन रकाने. डावीकडे लिहिलं होतं, 'ग्रंथात आहे ते'. उजवीकडे, 'आम्ही त्यात वाचतो ते'. निळ्या झग्याच्या डाव्या रकान्यात गळ्याच्या गोटाचा उल्लेख होता. मी तो दोनदा वाचला.

नवरा घुंगरांपाशी थांबला होता. "मॅडम, हा आत जाये तवा बाकीचे लोक कुठं उभे राहात?"

"बाहेर. अंगणात. घुंगरांचा आवाज आला की समजायचं, आत हालचाल आहे, असं सांगतात."

"म्हणजे नुसता आवाज आयकाचा. आमच्या लोकायनं लय आयकला तसा."

मॅडम जरा जवळ आल्या. "म्हणूनच आमच्याकडे मानतात की येशूच्या मरणाच्या वेळी मंदिरातला गाभाऱ्यापुढचा पडदा फाटला. तेव्हापासून कोणी बाहेर नाही. सगळे आत."

"तुमच्या चर्चमध्ये सगळे आत आहेत?"

पलीकडे त्यांचे पाद्रीसाहेब पाहुण्यांशी बोलत होते, तिकडे एकदा मॅडमनी पाहिलं. "सगळे नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "लग्न जुळवायची वेळ आली की समजतं."

नवऱ्यानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग चहा घेतला. परतताना स्कूटीवर मागे बसून तो एवढंच म्हणाला, "बाई खरी वाटते. पन ध्यान ठेवजो."

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. पाद्रीसाहेबांना त्या दोन रकान्यांचा राग आला होता. लोकांच्या मनात शंका घालता, असं म्हणून त्यांनी सगळे पुठ्ठे काढून टाकायला लावले होते.

"मग?" मी विचारलं.

"रात्रभर विचार केला. सकाळी जाऊन परत लावले."

"आन् थे काय म्हनले?"

"अजून त्यांनी पाहिलेले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आता येतीलच."

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. वर्षभरात त्या लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या. जायच्या आधी एकदा आल्या, माझ्या हातचा चहा घेतला, आणि एक छोटं पुस्तक ठेवून गेल्या. जुने कपडे, त्यांचे अर्थ, असं काहीतरी आहे त्यात. अजून मी ते वाचलं नाही. फेकलंही नाही. त्यांनी सांगितलेलं सगळं मला पटलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मनात शेवटपर्यंत आणखी काही होतं की नाही, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

गेल्या महिन्यात, तेव्हा चौकशीला आलेला तो मागच्या गल्लीतला माणूस बायकोला घेऊन आला. तिला ब्लाउज शिवायचा होता. तो फाटकापाशीच उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून. मी तिला आत बोलावलं, टेप काढला, आणि तिच्या खांद्याचं माप घेतलं.